बोलणं कापलेला वारा

नाई नाई, ते नको घेऊ अजून — नाव वाचून फसू नको व. 'राजाचा दरबार' लिहिलं हाये म्हणून तुले वाटलं तुताऱ्या असतीन, नगारे असतीन. ऐक, लावतो. — काय ऐकू आलं? पंखा. एका कचेरीतला जुना पंखा, कोणत्या कचेरीतला ते नाई सांगत, कुरकुर करून राह्यला, बस. म्या पयले आमच्या प्रसेनले तुताऱ्याच देल्ल्या होत्या, मुन्ना बँडवाल्याले घरी बोलावून, चहा पाजून, चार वेळा वाजवून घेतल्या. प्रसेननं ऐकल्या, हसला, म्हणे बाबा, हा राजा खोटं बोलून राह्यला, आन टेबलाजवळ बसलेल्या पोरांले ते कोणी न सांगता समजलं पाहिजे, तुतारी लावली का राजा खराच वाटते. मंग आमी दोघं एका दाखल्यासाठी त्या कचेरीत बसलो होतो, साहेब म्हणे उद्या या, आन वरून हा पंखा. दोघांनी एकमेकाकडं पाह्यलं, त्यानं खिशातून मोबाईल काढला आन रेकॉर्ड केला. दाखला नाई भेटला, दरबार भेटला. तुले आठवते का, राजानं पूल बांधून देतो म्हटलं आन तुमच्यापैकी एकानंबी भरोसा नाई ठेवला? हाव न? ते या पंख्याचं काम.

बस, नीट बस, तो बॉक्स सरकव खाली — बॉक्स म्हंजे स्पीकर, आमच्या धंद्यात बॉक्सच म्हणतात. भाईर पाटी वाचली असन तू, 'शेषराव साउंड सर्व्हिस, रिठद'. तीस वर्षं झाली. लग्न, हळद, जयंती, सभा, सारं केलं. मले कोणी विचारलं असतं का शेषराव, संगीत कसं निवडाचं, तं म्या म्हटलं असतं, ज्यानं मांडवाचे खांब हालतीन ते चांगलं. आन माह्या पोटी असं पोरगं का त्याले पाहिजे तो आवाज ऐकूच आला नाई पाहिजे. लोक विचारत, प्रसेनजित अकोल्याले काय करते? म्या सांगो, नोकरी करते आन रविवारी खेळते. काय खेळते? गोष्ट खेळते. मंग मले वेड्यात काढत. आता तुले काय सांगू, तू त्याच्यातलीच, पण मले समजाले सहा महिने लागले — चार जण टेबलाभोवती बसतात, पाचवा गोष्ट सांगते, तो आमचा प्रसेन, आन बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, फासे टाकतात, फाशावर पडीन तसं पुढं घडते. ना पडदा, ना नाटक, ना पैसा. नुसतं बोलणं, आन मागून माह्या कंपुटरातले आवाज. तू कोण होती व त्याच्यात? — म्हातारी चोरणी. हाव हाव. सांगे तो. तुहं नाव घेऊन म्हणे, बाबा, रंजीता कुलुपाले हात लावते, तवा मले आवाज तयार ठेवा लागते. ते कुलूप आमच्या लोखंडी पेटीचं होतं, भागिरथाच्या, प्रसेनच्या मायच्या. तिचे कपडे तीन दिवस पेटीत अडकून राह्यले होते, चाबी यानं खिशात घालून अकोल्याले नेली.

आता तू म्हणतं काका, तो गेल्याले आठ महिने झाले, गोष्ट पुलाजवळ अर्धी थांबली, ती आमी पुरी करतो, आवाज द्या. देतो न. द्यालेच बसलो. एकशे त्रेचाळीस हायेत, पेन ड्राइव्ह भरून नेजो. पण नुसते नेऊन काय करशीन? निवडता आले पाहिजे. तो कसा निवडे हे मले माहीत हाये, तुमाले नाई, तुमाले तं वाटे आपोआप वाजते. म्हणून सांगून राह्यलो, लांबलं तं लांबू दे, तुही बस पाचले हाये.

पयली गोष्ट — जे दिसते त्याचा आवाज लावाचा नाई. जंगल हाये म्हणून पाखरं, लढाई हाये म्हणून ढोल, हे सारे करतात. त्या माणसांले तथी काय वाटलं पाहिजे ते पाहाचं. भीती दाखवाची हाये? रातकिडे लाव. नुसते रातकिडे, पंधरा मिनिटं, लोक इसरून जातात का वाजून राह्यले. मंग बंद कर. हळूहळू नाई, टप्पकन. काई झालं नाई पाहिजे, फासा नाई, बोलणं नाई, नुसते किडे बंद. — हाव, त्या दिवशी तू खुर्चीवरून उठली होती न? सांगितलं त्यानं मले. लय खूश होता. म्हणे बाबा, तुमच्या वावरातल्या किड्यांनी अकोल्याची पोरगी उठवली. म्या म्हटलं ती मानोऱ्याची हाये असं तूच सांगतं. तं म्हणे रातकिडे रोज ऐकणारी मानोऱ्याची उठली म्हंजे अजूनच खरं.

दुसरी गोष्ट — समुद्र ऐक. — कसा हाये? चांगला न? हा समुद्र सोयाबीनचा हाये. ताडपत्रीवर दोन कट्टे सोयाबीन ओतलं, तो एका टोकाले, मी एका टोकाले, हळू उचलाचं, हळू सोडाचं. भागिरथा ओरडून राह्यली का बियाणं फुटते. म्या आजवर समुद्र पाह्यला नाई. त्यानं पाह्यला होता एकदा, शाळेच्या सहलीत, आन तो मले सांगे — बाबा, लाट परत जाते तवा दम घेते, तुमी लगेच नका उचलू. तेवढा दम शिकाले मले अर्धा दिवस लागला. हा खालचा आवाज ऐक, 'राक्षस झोपलाय' — ती गिरणी हाये, पिठाची, तिचा पट्टा चार पट हळू केला. आन हा 'परका बाजार' तं तू ओळखला पाहिजे, तुमच्याच पोहरादेवीच्या जत्रेतली गर्दी हाये. पार दूर उभं राहून घेतली, भोंग्यांकडं पाठ करून. काहून? शब्द नाई आला पाहिजे. गर्दी समजली पाहिजे, पण त्यातला एकबी माणूस काय म्हणून राह्यला ते नाई समजलं पाहिजे.

हीच तिसरी गोष्ट आन हीच मोठी. मागच्या आवाजात बोलणं नाई पाहिजे. गाणं असन तं शब्दाचं नाई, गर्दी असन तं शब्दाची नाई. कारण टेबलावर माणसं बोलून राह्यली, त्यांच्या बोलण्यावर दुसरं बोलणं चढलं का कान तिकडं जाते, आन गोष्ट गेली. हे त्यानं मले पयल्याच दिवशी सांगितलं, आन मी साउंडवाला माणूस, मले पटलं. मले एखादी गोष्ट पटली न, का मी ती लय पक्की धरतो. भागिरथा म्हणते न का तुमाले अर्धं काई जमतच नाई.

अथी ये, स्क्रीनकडं पाय. आवाज असा दिसते — हा लांब पट्टा. हे सारखं-सारखं, गवतासारखं, हा वारा. आन जथी अशा गाठी दिसतात न, उंच-खाली, उंच-खाली, तथी माणूस बोलून राह्यला. मले ऐका लागत नाई. तीस वर्षं झाली, मी पाहून सांगतो का अथी बोलणं हाये. तं कसं होये, का आमी काई रेकॉर्ड करो तवा तो पयले बोले — बाबा, चालू झालं? गिरणी, पयली. मंग आवाज. मंग शेवटी, झालं बाबा, बंद करा. दर वेळी. कधी शिंकला, कधी मले चिडवलं, का बाबा तुमचं पोट वाजून राह्यलं, परत घ्या. मंग मी घरी येऊन बसो, समोरची गाठ कापो, मागची गाठ कापो, मधला साफ आवाज ठेवो, नाव टाको. आन रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करो. आमच्यात तसंच हाये, कार्ड रिकामं केल्याबिगर दुसऱ्या कामाले हात लावाचा नाई, नाईतं कोणाच्या लग्नात कोणाची हळद वाजते. एकशे त्रेचाळीस आवाज हायेत, एकशे त्रेचाळीस वेळा म्या त्याचं बोलणं कापलं. एकबी चुकलो नाई. धंद्यात असं साफ काम म्या कोणाचं नाई केलं.

नाई, पाणी नको. तू बस.

मले कुठी माहीत होतं व. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी समजलं. मांडव टाकला होता घरासमोर, साउंड रिसोडच्या एका पोरानं लावलं, माह्या हातून वायर जोडणं होईना. भंतेजींची वंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले, आन माह्या साळ्याच्या मनात आलं, तो माईकवरच बोलला का प्रसेनचा आवाज ऐकवा, भाऊजींजवळ असतीनच. साऱ्यांनी माना हलवल्या. मलेबी तसंच वाटलं, असतीनच. मी अथी आलो, याच खुर्चीवर बसलो, आन उघडून पाहो तं पंखा, गिरणी, सोयाबीन, रातकिडे. भाईर तीनशे माणूस वाट पाहत बसलेलं. म्या मोबाईल पाह्यला. फोटो चारशे. व्हिडिओ होते, पण त्यात तो नाई, तो कॅमेऱ्यामागं, आन तोंड मिटून — आवाज खराब होते म्हणून. त्याच्या मामाच्या लग्नाची शूटिंग होती, त्यात नाचून राह्यला, तोंड उघडून काई म्हणूनबी राह्यला, पण शूटिंगवाल्यानं सारा आवाज काढून वरून गाणं टाकलं. ते गाणं मीच देल्लं होतं त्याले. त्याचा सवताचा मोबाईल तं घाटातच फुटला. पाऊण तास झाला. मंग दारात भागिरथा येऊन उभी राह्यली. तिनं पाह्यलं माह्याकडं, आन या साऱ्या सामानाकडं पाह्यलं, आन म्हणे —

"घरात एवढे भोंगे, आन माह्या लेकराचा एक शब्द नाई."

बस, एवढंच बोलली. रडली नाई तवा. त्याच्यानंतर ती या खोलीत आली नाई. बोलते माह्याशी, जेवाले वाढते, औषध घ्या म्हणते, सारं करते, पण अथी येत नाई. परवा मी अथी बसून तो समुद्र लावला, तं तिनं भाईरून मेन स्विचच पाडला. तिचं बरोबर हाये. ज्या माणसाच्या हातात सारं होतं त्यानंच कापलं, तं माय काय करीन?

तुमाले पोरांले कायले विचारलं नाई? आता विचारतं तू, तं सांगतो. लाज वाटली. साउंडवाल्याच्या घरी पोराचा आवाज नाई, हे कोणत्या तोंडानं विचारू? आन तुमच्याजवळ कुठून असन — खेळाले बसले का सारे मोबाईल डब्यात, हा तुमचा नियम, तोच सांगे. बाकी तं तुमी पोरं लिहूनच बोलता एकमेकांशी. शंभर वेळा मी पोहरादेवीची गर्दी कान लावून ऐकली, का एखाद्या कोपऱ्यात तो असन. कसा असन? तो माह्याच बाजूले उभा होता, तोंड मिटून.

हं. अजून एक सांगाचं होतं, नाई सांगितलं तं चालीन. — नाई, सांगतोच, तुले माहीत असलेलं बरं, तू तो आवाज वापरशीन. हा शेवटचा आवाज पाय, एकशे त्रेचाळीसवा. 'तंबू, वारा'. हा त्यानं वाटेवरून पाठवला. डिसेंबरातला शुक्रवार, तो अकोल्याहून गाडीवर घरी येऊन राह्यला होता, पातूर सोडून घाटाच्या अलीकडं ऊसतोडीवाल्यांची पालं होती रस्त्याच्या कडेले, त्यांच्या ताडपत्र्या वाऱ्यानं फडफड करत होत्या, तं थांबला आन मले मोबाईलवर पाठवला. मी रिसोडले एका हळदीत होतो, मांडवात बसून गाणे लावून राह्यलो. लावला म्या, कानाले धरला, एवढं ऐकलं का — बाबा, हे घ्या तंबू, बोलणं कापून टाकजा. तेवढ्यात नवरदेवाच्या भावानं आवाज देल्ला, गाणं बदला म्हणे. मंग म्या तो लॅपटॉपवर घेतला. पाह्यला. समोर एक गाठ, ती ऐकलेली. मधात वारा. आन मागून पुन्हा गाठी होत्या. लांब होत्या. म्या म्हटलं, झालं बाबा बंद करा, तेच असन. आन कापलं. ऐकलं नाई व. पाहून कापलं. मोबाईल भरला होता, तं तथूनबी काढून टाकला. मले वाटलं घरी पोचायच्या आत त्याले तयार करून पाठवतो, दाखवतो का बाप किती फास्ट हाये. पाठवला. एक टिक पडली. दुसरी पडाची वाट पाहत मी दोन गाणे लावले. मंग फोन आला, पातूरहून, कोणत्यातरी माणसाचा, का घाटात ट्रॉलीले एक गाडी धडकली.

वाशिमले दोन दुकानात मोबाईल दाखवला. पोरगं म्हणे काका, याच्यावर त्याच्यानंतर लय काई आलं-गेलं, आता निघत नाई. मी आठ महिन्यांपासून त्या गाठीचा आकार आठवून राह्यलो. डोळे मिटले का दिसते. पयले दोन लहान, मंग जरासक थांबला, मंग एक लांब. झालं बाबा बंद करा, याचा आकार मले माहीत हाये, तसा नव्हता तो. दुसरंच काई म्हणला. काय म्हणला असन? जेवाले काय केलं विचारलं असन. नाईतं रविवारी खेळाले या म्हटलं असन, लय दिवसापासून म्हणून राह्यला होता का बाबा, एकदा टेबलाजवळ येऊन बसा, आपला आवाज लोकांवर कसा चढते ते पाहा, आन मी म्हणो, सीझन संपू दे. भागिरथाले हे नाई सांगितलं म्या. तिले एवढंच माहीत हाये का आवाज नाई. होता, आन म्या न ऐकता कापला, हे तिले नाई माहीत. आता तुले माहीत झालं. तू नको सांगू तिले.

काय? — कोणता? — नाई, काय म्हणतं, नीट सांग. मी मघापासून बोलूनच राह्यलो, तुले बोलूच नाई देल्लं.

तुलेबी?

काहून, तुले कायले पाठवला? — हाव. हाव, बरोबर, त्या रविवारी पयल्यांदा आवाज लावाले तूच बसणार होती. मले पाठवला तोच पुढं तुले पाठवला. जसाच्या तसा. आन तू ठेवला. कापला नाई, काई नाई, ठेवला — तुले काय माहीत, तुले वाटलं काकाजवळ हायेच. हायेच न. माह्याजवळ कायले नसन.

किती सेकंदाचा हाये? पाहून सांग. — एकोणचाळीस.

माह्याजवळचा सव्वीस हाये. — तेरा. समोरचे चार मले पाठ हायेत. नऊ राह्यले व, पोरी. नऊ सेकंद.

तू ऐकला हाये न? — सांगू नको. काय म्हणला ते सांगू नको, माह्याकडं असं पाहूबी नको, तुह्या तोंडावरून समजीन मले. नाई, अथी नको लावू. या मशीनीले नको जोडू, मी आपोआप पट्ट्याकडं पाहीन. माह्या हातीबी नको देऊ. मले भेव वाटते, खरं सांगतो. नऊ सेकंदात माणूस लय काई म्हणते.

असं कर. भागिरथा मागच्या अंगणात असन, डाळ निवडून राह्यली असन. तिच्या हाती दे. सुपातले हात पुसू दे तिले, घाई नको करू, आवाज पुरा वाढव, आन तू बाजूले हो. तिनं पयले ऐकावं. काकानं कापलं होतं हेबी सांग, सांगून टाक, मी म्हटलं नको सांगू ते राहू दे. मी अथीच हाये. मले काई होत नाई, तू जाय. आवाज मंग नेजो, बस चुकली तं मी सोडून देईन तुले. जाय न व. — दार लावू नको.